श्रीखंडाचा चौथा डबा

उलटीवर कोणी हसत नाही. पण तीन माणसं एका गाडीत बसून दर तिसऱ्या गुरुवारी आळीपाळीनं ओकायला लागली, की कधी ना कधी हसू फुटतंच. घरी आले की मी बहिणीला फोन करून त्या दिवसाचा किस्सा सांगायचे. ती म्हणायची, "अगं, तू केमोला जातेस की सहलीला?" असे किस्से साठत साठत एवढे झाले, की आता कोणी तब्येतीची चौकशी करायला आलं तर मी तब्येत सोडून हेच सांगत बसते. आलेला माणूस भजी समोर असताना ऐकतो, हा त्याचा मोठेपणा.

आधी माणसं सांगते. मी कर्जतच्या शाळेतून निवृत्त झालेली मराठीची बाई, म्हणून गाडीतही मला सगळे 'बाई'च म्हणत. कोंडाणे लेण्यांच्या बाजूच्या हौसाकाकू भात आणि वाल पिकवणाऱ्या, उभ्या आयुष्यात दिवसा अंग टाकलेलं नाही अशा. चौकचे कांबळेभाऊ वीजखात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. मला आणि काकूंना स्तनाचा कॅन्सर, भाऊंना आतड्याचा. पनवेलच्या पुढच्या हॉस्पिटलात तिघांचा नंबर एकाच दिवशी लागायचा, म्हणून व्हॅन एकच, आणि ती चालवणारा दत्ता. तोही चौकचाच, म्हणून गाडीत भाऊ आधी बसायचे, मग मी आणि शेवटी काकू.

काकूंना सहा केमो सांगितले होते. त्यांच्या नातीचं लग्न ठरत आलं होतं आणि तिच्या हळदीला आपण उभं असायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. कॅन्सरला त्या भीत नव्हत्या. त्या भीत होत्या ओकारीला.

*

गाडीत पिशव्या फाटतात हा पहिल्याच खेपेचा अनुभव. दुसऱ्या खेपेला दत्ता श्रीखंडाचे किलोकिलोचे तीन रिकामे डबे घेऊन आला. घट्ट झाकणाचे, प्रत्येकावर नाव लिहिलेलं. सिस्टरांनी सांगूनच ठेवलं होतं की केमोनंतर दोन दिवस ओकलेलं उघडं ठेवायचं नाही आणि डबा हातमोजे घालून धुवायचा. त्यामुळे आमची व्यवस्था अगदी शास्त्रशुद्ध होती.

निवडणुकीचे दिवस होते. परतताना चौकच्या अलीकडे नाकाबंदी लागली. एका तरुण हवालदारानं गाडीत डोकं घातलं. तीन माणसं मांडीवर एकेक डबा दोन्ही हातांनी धरून गप्प बसलेली बघून त्याला संशय आला, त्यात त्याची काही चूक नाही. डब्यात काय आहे म्हणून विचारलं. दत्ता म्हणाला, साहेब, उघडू नका. झालं! असं म्हटल्यावर कुठला पोलीस उघडणार नाही?

त्यानं नेमका कांबळेभाऊंचा उघडला.

पुढच्या खेपेला तोच हवालदार तिथेच उभा होता. आमची व्हॅन दिसताच त्यानं लांबूनच हात हलवून जा जा केलं. काकूंनी मात्र दत्ताला गाडी थांबवायला लावली, काच खाली केली आणि डबा पुढे करून विचारलं, "बाबा, आज माझा बघतोस का?"

*

कांबळेभाऊ उलटीची गोळी घ्यायचे नाहीत. म्हणजे घ्यायचे, पण दोनचारदा ओकून झाल्यावर. केमोच्या आधी आणि मग घड्याळ लावून तीन दिवस घ्या, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. भाऊंचं म्हणणं, त्रास नसताना गोळी कशाला वाया घालवायची? फॉल्ट आला की बघू.

डे-केअरच्या सिस्टर वयानं मोठ्या होत्या, आवाजानं त्याहून मोठ्या. त्यांनी भाऊंच्या दंडाला पट्टा बांधता बांधता विचारलं, "खांबावर चढायच्या आधी लाइन बंद करून घेत होता, की शॉक बसल्यावर?"

लाइनमन खांबाला हात लावण्याआधी सबस्टेशनकडून लाइन बंद करून घेतो, त्याला ते लोक 'परमिट' म्हणतात. पस्तीस वर्षांत एकदाही परमिटशिवाय चढलो नाही, असं भाऊ आम्हाला प्रत्येक खेपेला कर्जतपासून पनवेलपर्यंत ऐकवत आले होते.

त्या दिवसापासून भाऊ गोळी वेळेवर घ्यायला लागले. नुसती घ्यायचे नाहीत, तर सकाळी आठला मला फोन करायचे, "बाई, परमिट घेतलं. तुमी?" मग मी काकूंना विचारायचे. पुढेपुढे आमच्या वॉर्डातले अनोळखी पेशंटही एकमेकांना परमिटचं विचारायला लागले आणि सिस्टरांनी कपाळावर हात मारून घेतला.

*

काकूंचे यजमान आप्पा. त्यांना जेवताना सुका बोंबील लागतोच. केमोनंतर काकूंना त्या वासानं भडभडून यायचं, म्हणून सुनेनं घरात बोंबील भाजणं बंद केलं. आप्पा गोठ्यात बसून खायला लागले. वारा गोठ्याकडून घराकडे होता. मग आप्पा शेजाऱ्यांच्या पडवीत जेवायला लागले. हात साबणानं धुऊन, चूळ भरून, बडीशेप खाऊन घरी आले तरी काकू खाटेवरून ओरडायच्या, "मिशीला हाय वास!"

मिशी पन्नास वर्षांची, दोन्ही टोकांना वर वळलेली. एका सकाळी आप्पा कर्जतला जाऊन ती सफाचट करून आले. तोवर काकूंच्या डोक्यावरचे केस गेलेलेच होते. आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा दोघं पडवीत शेजारीशेजारी बसलेली, एकाला मिशी नाही आणि एकीला केस नाहीत. मला भरूनच आलं. बायकोसाठी एवढं कोण करतं, असं मी काकूंना म्हटलं.

"माझ्यासाठी कशाला," काकू म्हणाल्या. "मिशी सोडली, बोंबील नाय सोडला."

*

आता माझा एक, नाहीतर म्हणाल बाई दुसऱ्यांचेच सांगते. मला गरम काही गिळवत नसे. वास न येणारं थंडगार काहीतरी थोडं थोडं चोखलं की बरं वाटायचं. बाहेरचा बर्फ डॉक्टरांनी बंद केला होता, म्हणून मी उकळून गार केलेल्या पाण्यात कोकम घालून घरीच बर्फाच्या कांड्या करायचे. एका दुपारी डोक्याला फडकं बांधून दारातल्या पायरीवर बसून कांडी चोखत होते. ओठ लाल, हनुवटीवर ओघळ. समोरून आमचा दूधवाला आला. तो माझाच विद्यार्थी. शाळेच्या फाटकाबाहेर बर्फाचा गोळा खाताना सापडला म्हणून मी त्याला एक तास वर्गाबाहेर उभं केलं होतं, तेही दोनदा.

त्यानं किटली खाली ठेवली आणि कांडी संपेपर्यंत समोर हाताची घडी घालून उभा राहिला.

*

दुसऱ्या केमोनंतर काकूंचे फार हाल झाले. तिसऱ्या गुरुवारी आम्ही दारात गेलो तर काकू पडवीत भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. "मरान परवडलं, पन वकारी नको. मी येत नाय," एवढंच म्हणाल्या. नातीची आठवण करून दिली तरी मान वळली नाही. आप्पा नुसतेच बिनमिशीच्या ओठावरून हात फिरवत उभे.

दत्तानं गाडी बंद केली आणि चावी खिशात टाकली. कांबळेभाऊ उतरून काकूंच्या शेजारी फतकल मारून बसले. काकूंना ते बघवेना. तुमचा नंबर जाईल, तुम्ही निघा, असं त्या परत परत सांगायला लागल्या. भाऊ म्हणाले, "जाऊ दे. मधला खांब पडला की पुढं कुनाकडंच लाइट नसते."

मी विचारलं, डॉक्टर दर वेळी कसं वाटतंय विचारतात तेव्हा तुम्ही काय सांगता? काकू म्हणाल्या, बरं हाय सांगते. मी म्हटलं, का? तर म्हणाल्या, "एवढा चांगला पोरगा. त्याला कशाला वाईट वाटून द्यायचं?"

माझा पारा चढला. आपल्याकडची ही रीतच आहे. कोणी कसं आहे विचारलं, की तिरडीवरूनही मान वर करून बरं आहे म्हणायचं! डॉक्टरांनी या भल्या बाईचं ऐकून औषध तेच ठेवलं होतं. मी वर्गात ओरडायचे तशी ओरडले. किती वेळा ओकलात ते तरी सांगा म्हटलं, तर काकू म्हणाल्या, ते काय कोण मोजतं?

तेव्हा आतून सून आली. ही पोर कधी मोठ्यानं बोलताना मी ऐकली नव्हती. तिच्या हातात श्रीखंडाचा चौथा डबा होता, कोरा, स्वच्छ. दर वेळी सासूचं ओकारीचं भांडं धुऊन झालं की ती या डब्यात वालाचा एक दाणा टाकत होती.

डबा घेऊन आम्ही निघालो. काकूही निघाल्या, सुनेकडे रागानं बघत. हॉस्पिटलात मी तो डबा डॉक्टरांच्या टेबलावर उपडा केला. एकोणीस दाणे निघाले. डॉक्टरांनी ते एकेक करून मोजले. मग औषध बदललं, सलाईनच्या आधी आणखी एक गोळी वाढवली, घरी किती दिवस काय घ्यायचं ते सुनेला फोनवर समजावलं. काकूंना म्हणाले की पुढच्या वेळी तुम्ही काही बोलू नका, नुसता डबा आणा.

पुढच्या वेळी पाच दाणे होते. त्या दिवशी गाडीत मी रडले, आणि ते ओकण्यामुळे नाही.

*

उलट्या कमी झाल्या तशी नवीनच गंमत सुरू झाली. हॉस्पिटल लांबच राहिलं, काकूंना रक्त तपासायच्या मधल्या खेपांनाही व्हॅन दारात आली की मळमळायला लागलं. दत्तानं आधी मोगऱ्याच्या वासाची बाटली काढून टाकली. मग सीटची कव्हरं बदलली. मग गाडी आंब्याच्या झाडामागे उभी करून चालत यायला लागला. काकू त्याला बघूनच पदर तोंडाला लावायच्या. शेवटी त्यांनीच सांगून टाकलं, "गाडी नाय रं दत्ता. तुजं तोंड."

दत्ता बिचारा पुढच्या खेपेला तोंडाला मास्क आणि कपाळापर्यंत टोपी घालून आला. काकूंनी त्याच्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "डोले तेच हायत," आणि डबा मागितला.

डॉक्टर यावर हसले नाहीत. असं पुष्कळांना होतं म्हणाले, शरीर आठवण ठेवतं. आदल्या रात्री घ्यायची एक बारीक गोळी लिहून दिली. तिनं पुष्कळ फरक पडला. तरी दत्तानं शेवटपर्यंत गाडीचा मधला आरसा छताकडे वळवून ठेवला होता. आपलं तोंड काकूंना दिसू नये म्हणून.

*

सहाव्या केमोच्या दिवशी काकूंनी डॉक्टरांच्या टेबलावर डबा ठेवला. वालांनी काठोकाठ भरलेला! डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी पेन खाली ठेवलं, सुनेला फोन लावायला घेतला.

"वकारीचे नायत," काकू म्हणाल्या. "ह्या खेपेला एक पन झाली नाय. पन रिकामा डबा कुनाच्या हातात कसा द्यायचा? बायकोला सांगा, बिरडं करा."

*

नातीचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. आम्हा तिघांना हळदीपासून बोलावणं होतं. दत्तानं आधीच ठरवलं होतं की काकूंच्या नजरेला पडायचं नाही. व्हॅन फाट्यावर ठेवली, नवा झब्बा घातला आणि मांडवाच्या अगदी मागच्या बाजूला आचाऱ्यांजवळ जाऊन बसला. काकू मांडवभर फिरत होत्या. डोक्यावर आखूड कुरळे केस आले होते आणि त्यांत कोणीतरी गजरा अडकवायचा प्रयत्न केलेला. शेजारी आप्पा, मिशी परत वर वळलेली.

काकू व्याह्यांना घेऊन जेवणाची तयारी दाखवायला मागे गेल्या आणि समोर दत्ता. त्या जागच्या जागी थांबल्या. तोंडाला पदर लावला आणि तडक मांडवामागे पळाल्या. काकूंचा शेवटचा रिपोर्ट चांगला आला होता, मग हे काय? भाऊंनी माझा हात धरला. दत्ता पांढराफटक पडला आणि उठून जायला निघाला.

काकू तोंड पुसत परत आल्या. त्यांनी दत्ताचं मनगट पकडलं, त्याला तसाच ओढत मांडवाच्या मध्यभागी आणला आणि व्याह्यांच्या शेजारी पाटावर बसवला. सगळा मांडव बघत होता.

"ह्याला बघितला का मला वकारी येते," काकू व्याह्यांना म्हणाल्या. "पयलं ताट ह्याला वाढा."