अडाणी बाईची भूमिका

"तू अडाणी बाई हो. तुला ॲक्टिंग करावी लागणार नाही."

भरल्या वर्गात मॅडम म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले.

सुरतेत प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी आरोग्यशिक्षणाच्या पदव्युत्तर वर्गात होते. लोकांना आरोग्याच्या सवयी कशा पटवायच्या, ते तिथे शिकवत. त्यासाठी छोटी नाटुकली बसवायची. एक आरोग्यसेविका, एक अडाणी बाई. सेविका कधी डॉक्टरांची मुलगी, कधी वकिलांची. अडाणी बाई मी. दर वेळी मी.

मॅडम मराठीच. त्यांचे वडील बँकेच्या नोकरीसाठी सुरतेला आलेले. माझे वडीलही महाराष्ट्रातूनच आलेले, पण नवागामच्या कामगार वस्तीत, लूम म्हणजे यंत्रमाग चालवायला. मॅडमांनी मला प्रवेशाचा फॉर्म भरून दिला. स्वतःची पुस्तकं दिली. खानदेशातल्या एका लहान गावच्या शाळेतून आलेली मी, घरातली पहिली पदवीधर. त्यांच्यासमोर माझी मान वर होत नसे. त्या म्हणाल्या, "तुझी ती घरची भाषा आण. ओरिजिनल वाटतं."

मी आणली. आईची अहिराणी आणली. आई पदर घेते तशी डोक्यावर ओढणी घेतली. मोठ्यानं बोलले. लूमच्या खडखडाटात बाबांचे कान गेलेत, म्हणून आमच्या घरात सगळे ओरडून बोलतात. हे मी वर्गात सांगितलं नाही. नुसतीच ओरडले. "एकदम असली छे!" मागच्या बाकावरून कुणीतरी गुजरातीत म्हणालं. टाळ्या पडल्या.

मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

मग प्रात्यक्षिक परीक्षा आली. या वेळी नाटुकलं वस्तीत करायचं होतं. मॅडमांनी नवागाम निवडलं. आमचीच गल्ली. म्हणाल्या, "तुला ओळखतात, बायका लगेच जमतील."

बायका जमल्या. आई सगळ्यांत पुढे. साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम टाकून आली होती. शेजारणीला सांगत होती, "मन्ही पोर शे." घरातली एकुलती एक खुर्ची तिनं मॅडमांसाठी आणून ठेवली. खुर्ची पदरानं पुसली.

नाटुकलं सुरू झालं. मी ओढणी डोक्यावर घेतली, पिंपात हात बुडवून पाणी काढलं आणि ओरडले, "हात धोईसन काय व्हई? वर देव बठा शे ना!"

वर्गात इथे हशा पिकायचा. गल्लीत कुणी हसलं नाही. भिंतीला टेकून उभे असलेले माझे वर्गमित्र तेवढे हसले.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे. टिकल्यांचा गोंद बोटांवर काळा होऊन बसतो. साबणानं निघत नाही. तिनं हात पदराखाली घेतले.

"तू मन्हामायक कसाले बोलनी वं?"

माझ्यासारखी का बोललीस. एवढंच. आणि हळू. आमच्या घरात हळू कुणी बोलत नाही.

मी थांबले. मॅडम कुजबुजल्या, "थांबू नकोस. पुढे चल."

मी ओढणी खाली घेतली. "मॅडम, मी ही बाई करणार नाही."

"परीक्षा आहे. नापास होशील."

"होऊ द्या."

"इतकं केलं तुझ्यासाठी."

खरं होतं ते. मी बायकांकडे वळले आणि माझ्या आवाजात विचारलं, "मावशी, नळले पानी कव्हय येस?"

"आम्ही कामले जातस तव्हय!" एकदम तीन-चार जणी. एक दिवसाआड, अर्धा तास. म्हणून पिंप भरून ठेवायचं. पिंपाला तोटी का नाही? पिंप उंचावर ठेवायला जागा कुठे? दहा बाय दहाच्या खोलीत दोन पाळ्यांची माणसं आळीपाळीनं झोपतात. एक म्हातारी मॅडमांकडे बोट करून म्हणाली, "तुन्हा मॅडमले सांग, एक दिन आम्हना बदलीवर नळवर उभी ऱ्हाय!" आता गल्ली हसली.

मी लिहून घेत गेले. आधी लोकांना विचारा, मग सांगा. आमच्या पुस्तकातला पहिलाच धडा हा. मॅडमांनीच शिकवलेला. मी तो पाठ करून वर्गात पहिली आले होते आणि माझ्याच आईला कधी काही विचारलं नव्हतं.

मॅडम जीपमध्ये बसल्या. मी नापास झाले. सहा महिने गेले. घरी आईला सांगितलं तेव्हा ती टिकल्या चिकटवतच राहिली. बाबांना ऐकू आलं नाही. त्यांना दुसऱ्यांदा ओरडून सांगावं लागलं.

पुन्हा परीक्षेला बसायला कॉलेजात गेले, तेव्हा कळलं, अडाणी बाईचं काम आता नव्या वर्गातल्या एका मुलीला देतात. ती डांगच्या जंगलपट्टीतली. आदिवासी. तिच्याही घरातली ती पहिलीच.

मी तिला जिन्यात गाठलं. म्हटलं, "नाही म्हण."

ती घाबरली. "मग पास कशी होणार?"

"ते मला माहीत नाही. मी नाही झाले. उद्या किती वाजता आहे तुझं?"

"अकराला."

"मी येते. तू उभी राहिलीस की मी तुझ्या शेजारी उभी राहीन. तुझ्या तोंडून आवाज निघाला नाही, तर मी बोलेन."

अकराला पाच कमी असताना मी त्या वर्गाचं दार उघडलं. माझी फेरपरीक्षा मॅडमच घेणार होत्या. त्यांनी मला पाहिलं. मी आत गेले.