ताईची सहल

न्हाव्याने दुकानाला कुलूप लावलं, कात्र्या-वस्तऱ्याची पेटी जुन्या व्हॅनमध्ये टाकली आणि थोरल्या बहिणीला पुढच्या सीटवर बसवलं.

"सहल का रे छोट्या?"

"सहलच, ताई. झाडं लाल झालीत. तळं बघू, धबधबा बघू, माझ्या मित्रांना भेटू."

यातलं काही खोटं नव्हतं. निम्मं सांगायचं तेवढं राहिलं होतं.

ताई वयाने साठीची, समजेने आठ-नऊ वर्षांची. आई गेल्यापासून ती त्याच्याकडेच. दुकानात पडलेले केस झाडायचं काम तिचं, आणि त्यात कुणी लुडबुड केलेली तिला खपत नसे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की न्हावी मानेवर हात ठेवून म्हणे, "मान सैल सोडा." कोपऱ्यातून ताईही ओरडे, "सोडा, सोडा!" गिऱ्हाइकं हसत. न्हाव्याचं लग्न राहूनच गेलं. मुलीकडचे लोक येत, ताईला बघत आणि पुन्हा फिरकत नसत. आपल्याला त्याचं काही वाटलं नाही, असं तो सांगायचा.

आता त्याच्या पोटातल्या गाठीने घात केला होता. नवी पालवी दिसेल असं वाटत नाही, डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मरणाची भीती होतीच, पण ताईचा घोर त्याहून मोठा. निराधारांच्या आश्रमात तो केस कापायला जायचा. तिथे खाटांना बांधलेली माणसं त्याने पाहिली होती. उरले तीन मित्र. त्यातल्या एकाने तरी तिला ठेवून घ्यावं, एवढ्यासाठी ही सहल.

पहिला पोस्टमन. अंगणात खुर्ची टाकून, त्याच्या गळ्याभोवती चादर बांधून न्हाव्याने कात्री चालवली आणि पाठीमागूनच विचारलं. समोर उभं राहून विचारायची त्याची छाती नव्हती. पोस्टमनच्या तोंडून शब्द फुटण्याआधीच हाताखालची मान लाकडासारखी ताठ झाली. जन्मभर माना हाताळल्यावर एवढं कळतंच.

"अरे, आमचीच इथे दाटी..." पोस्टमन चाचरला.

"असू दे रे. मान सैल सोड."

वाटेत तळं लागलं. लाल झाडं पाण्यात उलटी दिसत होती. "ही झाडं बुडाली!" म्हणत ताई हसत सुटली. न्हाव्याने गोळी गिळली आणि तोही हसला.

दुसरा बेकरीवाला. त्याने "बायकोला विचारून कळवतो" म्हणत काखा वर केल्या आणि वर पिशवीभर पाव दिले. ताईने गाडीत बसल्या बसल्या तीन खाल्ले.

धबधब्यापाशी ताई कठड्यावरून वाकून खाली बघत होती. आसपास चिटपाखरू नव्हतं. पाणी खोल दरीत कोसळत होतं. न्हाव्याच्या मनात एक विचार आला आणि त्याची त्यालाच शिसारी आली. त्याने तिचा कोट मागून घट्ट धरला, तो ती गाडीत बसेपर्यंत सोडला नाही.

तिसरा सुतार. त्याने प्रश्न पुरता होऊ दिला नाही. "ठेव की! तुझी ताई ती माझी ताई!" हाताखालची मान मात्र तशीच ताठ. आत स्वयंपाकघरात त्याच्या बायकोने भांडं आपटलं. न्हाव्याला सगळं कळलं, पण तो होकार त्याने पदरात पाडून घेतला. पुढे दुसरं दार नव्हतं.

सकाळी तो निघाला तेव्हा ताई सुताराच्या अंगणातली पानं झाडत होती. तिची पिशवी ओसरीवर ठेवलेली होती. ती तिने बघितली, मग व्हॅनकडे बघितलं.

"मी नाही यायचं?"

"इथे थोडे दिवस मजा कर. झाडांना पालवी फुटली की येतोच न्यायला."

ताईने झाडू भिंतीला टेकवला. जवळ येऊन त्याच्या मानेवर हात ठेवला, तो गिऱ्हाइकांच्या ठेवायचा तसाच. हात बराच वेळ तिथेच राहिला.

"मान सैल सोड ना रे, छोट्या," ती म्हणाली.