उजव्या गार्डची जागा

दोन हजार सात सालच्या जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत मी सतत दमलेला होतो. ते वर्ष आठवायला गेलं की आधी तो थकवाच आठवतो, माणसं नंतर. सकाळी सव्वापाचला आई खोलीचं दार ढकलून दिवा लावायची आणि म्हणायची, "ऊठ रे, बाहेर पुन्हा पडलंय." म्हणजे बर्फ. मी सतरा वर्षांचा होतो, वजन एकशे दहा किलो, आणि मांड्या इतक्या दुखायच्या की पलंगावरून उतरताना एकेक पाय हातांनी उचलून खाली ठेवावा लागायचा.

आम्ही डेट्रॉइटच्या बाजूला, नोव्हायजवळ राहायचो. बाबा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते. सहावीपर्यंत मी नागपुरात मराठी शाळेत शिकलो आणि मग इथे आलो. तिकडे मी वर्गातला जाड्या होतो. कबड्डीत मला सगळ्यांत शेवटी घ्यायचे, तेही साखळीत मध्ये उभं करायला. इथे मात्र पहिल्याच आठवड्यात खेळाच्या सरांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "फुटबॉल खेळणार का?" माझ्या शरीराकडे बघून कुणाला तरी आनंद झालेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

हा फुटबॉल म्हणजे पायांनी खेळायचा नव्हे. अमेरिकन, हेल्मेट आणि खांद्यांवर जाड गाद्या घालून खेळायचा. बॉल फेकणारा एक क्वार्टरबॅक असतो, आणि त्याच्या पुढे पाच धिप्पाड पोरं रांगेत वाकून उभी असतात. ती लाइन. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. समोरच्या संघाची माणसं क्वार्टरबॅकवर धावून येतात आणि त्यांना अडवायचं, एवढंच लाइनचं काम. बॉल हातात येत नाही. पेपरात नाव येत नाही. बाबांना हे मी अनेकदा समजावलं होतं.

"पुन्हा सांग, तू तिथे नक्की करतोस काय?"

"धक्का देतो."

"कोणाला?"

"समोरच्याला."

"आणि मग?"

"मग परत उभा राहतो. परत धक्का देतो."

बाबा मान हलवून टीव्हीकडे वळायचे. त्या वर्षी त्यांच्या कंपनीत दर महिन्याला माणसं कमी होत होती. ते घरी आले की बूट काढायच्या आधी दोन मिनिटं तसेच जिन्याच्या पायरीवर बसून राहायचे. माझा थकवा त्यांना हौसेचा वाटत असणार. तसा तो होताही.

दोन वर्षं मी राखीव खेळाडू म्हणून बाहेर बसून काढली होती. आता शाळेचं शेवटचं वर्ष येणार होतं आणि उजव्या गार्डची जागा रिकामी झाली होती. त्या जागेसाठी आम्ही दोघे होतो. एक मी. दुसरा माझ्याहून एका वर्षाने लहान, पण वीतभर उंच. त्याचे वडील घरांची छपरं घालायचं काम करायचे आणि सुट्टीत तोही त्यांच्याबरोबर छपरावर चढायचा. त्याचे तळहात पायपुसण्यासारखे खरखरीत होते. हिवाळाभर वजनं उचलताना आम्ही एकमेकांचे जोडीदार होतो. मी बाकावर आडवा पडून लोखंड वर ढकलायचो तेव्हा तो डोक्याशी उभा राहायचा, आणि हात थरथरायला लागले की दोन बोटं लावून दांडी वर घ्यायचा. मग मी त्याच्यासाठी तेच करायचो. छातीवर एवढं वजन असताना ज्याच्यावर भरवसा ठेवायचा, त्याच्याशीच स्पर्धा होती. तेव्हा त्यात मला काही विचित्र वाटलं नाही. विचार करायला जीव उरायचा नाही.

लाइनचे कोच म्हातारे होते. दोन्ही गुडघे बदललेले, त्यामुळे घडीच्या खुर्चीवर बसून शिकवायचे. "हात नंतर," ते ओरडायचे, "आधी पाय! पाय हलव, पाय!" घरी आईला मी वजन वाढवायचंय असं सांगितल्यावर तिने आयुष्यात पहिल्यांदा अंडी आणली. पण स्वयंपाकघरात नाही. गॅरेजमध्ये इलेक्ट्रिक शेगडी मांडून, वेगळ्या पातेल्यात ती उकडायची. थंडीत अंगावर शाल घेऊन, नाक पदराने झाकून ती तिथे उभी असायची. मी सहा अंडी गाडीतच खायचो आणि ती काच खाली करून गाडी चालवायची.

ताकदीत तो माझ्यापुढे होता. मे महिन्यातच ते स्पष्ट झालं. पण त्याच्या डोक्यात डावपेच राहत नसत. कागदावरच्या त्या आकृत्या, बाण, गोल बघितले की तो कासावीस व्हायचा. शाळेतही त्याला वाचायला त्रास होतो, हे त्याने मला एकदा दुसरीकडे बघत सांगितलं. मी म्हटलं, "घरी ये. मी दाखवतो."

तो आला. मी ओट्याखालच्या डब्यातून राजमा आणि छोले काढले. अकरा राजमे आमचे, अकरा छोले समोरचे. टेबलावर मांडले आणि बोटाने सरकवत सगळा खेळ समजावला. आणि त्याला समजला. कागदावर न समजलेलं सगळं त्याला त्या दाण्यांत समजलं. मग आठवड्यातून दोनदा यायला लागला. आई पोळ्या लाटता लाटता मान वळवून बघायची.

"हा कोपऱ्यातला छोला कोण अडवणार मग?" तिने एकदा मराठीतच विचारलं.

मी भाषांतर केलं. त्याने गंभीरपणे टेबलाकडे पाहिलं, एक राजमा पुढे सरकवला आणि म्हणाला, "मी, मॅम."

"हुशार आहे गं बाई," आई म्हणाली आणि त्याच्या ताटात चौथी पोळी टाकली. तो नको म्हणायचा नाही. तूप लावलेली पोळी गुंडाळून तीन घासांत संपवायचा.

एक गोष्ट मात्र त्याला टेबलावर जमायची आणि मैदानात जमायची नाही. समोरच्या संघाचा एखादा माणूस मागे उभा असतो आणि ऐनवेळी दोघांच्या फटीतून धावत येतो. तसं झालं तर गार्डने आपल्या समोरचा माणूस सेंटरवर सोडायचा आणि या नव्या माणसाला घ्यायचं. तो येणार की नुसता हूल देतोय, हे आधी ओळखावं लागतं. मला ते ओळखता यायचं. त्याच्या पायांकडे बघायचं, टाचा उचलल्या असतील तर तो येतोय. सरावात मी जवळपास असलो की माझा जोडीदार माझ्याकडे एक नजर टाकायचा आणि मी हळूच म्हणायचो, "तुझा." मग तो त्या माणसाला असा काही अडवायचा की कोचही खुर्चीत सरळ व्हायचे.

ऑगस्टमध्ये दिवसातून दोनदा सराव सुरू झाला. सकाळी आठ ते अकरा, मग दोन ते पाच. हेल्मेटच्या आत घाम डोळ्यांत उतरायचा आणि पुसता यायचा नाही. दुपारच्या मधल्या वेळात आम्ही शाळेच्या व्हरांड्यात गार फरशीवर मेल्यासारखे पडून राहायचो. तिसऱ्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी मी गाडीत बसलो आणि घर येईपर्यंत डोळे मिटून पडलो. आई माझ्या मानेवर हात ठेवून गाडी चालवत राहिली.

दुसऱ्या शनिवारी आमच्या आमच्यातच सामना होता. तो बघून कोच जागा ठरवणार होते. त्या दिवशी उजव्या टॅकलचा पाय मुरगळला होता, म्हणून कोचनी मला तात्पुरतं टॅकलवर उभं केलं आणि गार्डच्या जागी माझ्या जोडीदाराला. "नंतर अदलाबदल करू," ते म्हणाले. म्हणजे तो माझ्या अगदी डाव्या हाताला. खांद्याला खांदा लागत होता.

पहिली वीस मिनिटं तो फार चांगला खेळला. मी बघत होतो. समोरच्याला त्याने दोनदा अक्षरशः उताणं पाडलं. कोच वहीत काहीतरी लिहीत होते. माझ्या पायांत गोळे आले होते, आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: जानेवारीपासूनच्या सगळ्या सकाळी.

आम्ही पुन्हा रांगेत वाकलो. समोर मागच्या बाजूला उभा असलेला मुलगा हात कमरेवर ठेवून, काही घेणं-देणं नसल्यासारखा उभा होता. मी त्याचे पाय पाहिले. टाचा उचललेल्या होत्या. तो येणार होता.

डावीकडून मान वळली. हेल्मेटच्या जाळीतून त्याचे डोळे मला दिसले. त्याने विचारलंसुद्धा, "माझा?"

मी ऐकलं. आणि समोर बघत राहिलो.

बॉल निघाला. तो आपल्या समोरच्यालाच भिडला. मागचा मुलगा आमच्या दोघांच्या मधून सरळ आत गेला. आमच्यात क्वार्टरबॅक लाल बनियन घालायचा, म्हणजे त्याला कुणी हात लावायचा नाही, अशी खूण. पण त्या मुलाला वेग आवरला नाही. क्वार्टरबॅकला सरळ धडक बसली आणि तो खांद्यावर आपटला. शिट्टी वाजली. सगळे धावले. तो उठून बसला, पण हात पोटाशी धरून. पुढचे चार दिवस तो बर्फाची पिशवी बांधून बाकावर बसला होता.

कोच खुर्चीवरून उठले. ते क्वचितच उठायचे. लंगडत आत आले आणि माझ्या जोडीदारासमोर उभे राहिले.

"तो कुणाचा माणूस होता?"

"माझा, सर."

"माहीत होतं?"

त्याने हेल्मेट काढलं. मला वाटलं, आता माझ्याकडे बघेल. त्याने बघितलं नाही. "माहीत असायला हवं होतं," तो म्हणाला.

"बाहेर हो." मग माझ्याकडे बोट करून, "तू. गार्डवर ये."

सोमवारी कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर यादी लागली. उजव्या गार्डसमोर माझं नाव होतं. पोरांनी पाठीवर थापा मारल्या. मला आनंद व्हायला हवा होता. मी बाकावर बसून बुटांच्या नाड्या बांधत राहिलो. बांधून झाल्या की सोडायचो आणि परत बांधायचो. तो आला, यादी वाचली, आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी तो हातात घेतला. तोच खरखरीत हात.

त्यानंतर तो आमच्या घरी आला नाही. मी बोलावलंही नाही.

"तुझा तो मित्र हल्ली येत नाही?" आईने विचारलं.

"बिझी असतो," मी इंग्रजीत म्हणालो. लपवायचं असलं की मी इंग्रजीत बोलायचो आणि ते आईला माहीत होतं. तिने टेबलावरच्या वाटीतले राजमे-छोले वेगळे केले आणि डब्यांत परत टाकले.

पहिल्या सामन्याला आई-बाबा दोघे आले. बाबा कामावरून थेट आले होते, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. मी एकही माणूस आत सोडला नाही. आम्ही जिंकलो. सामना संपल्यावर कुंपणाशी बाबा उभे होते.

"बॉल तुझ्याकडे एकदाही आला नाही," ते म्हणाले.

"नाही येत, बाबा."

"मी तुलाच बघत होतो पूर्णवेळ." त्यांनी चष्मा काढून पुसला. "फार मारतात रे तुम्हाला. आणि तू दरवेळी उठतोस." एवढं बोलून ते गाडी काढायला गेले. त्यांनी माझ्या खेळाबद्दल केलेलं हे पहिलं कौतुक, आणि मला ते नीट घेताही आलं नाही.

नऊ सामने खेळलो. पाच हरलो. नोव्हेंबरात शेवटचा सामना चिखलात झाला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना आपापलं सामान परत करायला बोलावलं. हेल्मेट, गाद्या, पँट. खिडकीसमोर रांग होती. तो माझ्या पुढेच उभा होता. तीन महिने जे तोंडात धरून फिरत होतो, ते तिथे, घामट कपड्यांच्या वासात, बाहेर पडलं.

"त्या शनिवारी मी बघितलं होतं. तो येणार हे मला कळलं होतं."

तो वळला. "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"तेव्हाच. तू प्रत्येक वेळी सांगायचास. तेवढ्या वेळीच सांगितलं नाहीस."

"मग कोचना का नाही बोललास?"

त्याने हातातलं हेल्मेट उलटसुलट केलं. "काय बोलणार होतो? हा मला उत्तर सांगत नाही म्हणून?" मग म्हणाला, "मला राग आला होता. खूप. सप्टेंबरपर्यंत तरी होता. मग मीही दमलो."

मी सॉरी म्हणालो. तो "ओके" म्हणाला. माफ केलं असं तो म्हणाला नाही आणि मीही विचारलं नाही. खिडकीतल्या माणसाने त्याचं सामान मोजून घेतलं, मग माझं.

पुढच्या वर्षी मी दुसऱ्या गावी विद्यापीठात इंजिनिअरिंगला गेलो. फुटबॉल सुटला. वजन उतरलं, उजवा गुडघा मात्र आजही जिना चढताना बोलतो. उजव्या गार्डची जागा त्याला मिळाली. सेंटर खेळणाऱ्या मुलाने फोनवर सांगितलं की पहिल्या सामन्यात एकही माणूस त्याच्या बाजूने आत गेला नाही. मी तेव्हा लायब्ररीच्या पायऱ्यांवर उभा होतो, सोमवारी परीक्षा होती. फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं. फार नाही, पण वाटलं. मग मी खोलीवर गेलो, बूट न काढताच आडवा झालो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपलो.