काकांचे बारा

आमच्या शेजारचे काका होते तोवर सूर्यसुद्धा सोलापुरात गिरणीच्या भोंग्याला विचारूनच माथ्यावर येत असे. काका गिरणीत मागखात्यावर होते. बाराचा भोंगा झाला की ताटात भाकरी पडलीच पाहिजे. एकदा सख्ख्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं लांबली, तर हा गृहस्थ अक्षता खिशात टाकून एकटाच पंगतीत जाऊन बसला. काकू त्यांच्यामागून जेवत. काकांचं पान उठल्याखेरीज तोंडात घास घालायचा नाही, हा त्यांचा नेम.

पुढे मालकांनी नवे माग बघायला काकांना विलायतेला धाडलं. निघताना ते काकूंना म्हणाले, "मी रोज बाराला जेवणार. मागनं तूबी जेव. उपाशी बसू नगं."

बोट पश्चिमेला निघाली की वाटेत घड्याळं थोडी थोडी मागे घेत जातात. काकांनी आपल्या साखळीच्या घड्याळाला कुणाला हात लावू दिला नाही. एडनला सकाळी साडेनऊलाच बारा वाजले म्हणून ते शेंगाचटणीची पुडी सोडून बसले, आणि विलायतेत तर साडेसहाला! तिथल्या घरमालकिणीने डॉक्टर बोलवायची तयारी केली होती म्हणे. हे सगळं त्यांनी परत आल्यावर सांगितलं. पत्रांत मागांच्या वर्णनाखेरीज अक्षर नसे.

इकडे मी, शाळेत भूगोल शिकवणारा शहाणा, काकूंना सांगून बसलो की विलायतेतले बारा म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच.

"म्हंजे तवर त्यास्नी जेवण न्हाई व्हय, मास्तर?" एवढंच त्यांनी विचारलं. मग तीन महिने त्या माउलीने साडेपाचाच्या आधी घास घेतला नाही. मी खूप समजावलं, पण ऐकतील तर शपथ.

काका परतले तेव्हा काकू निम्म्या झाल्या होत्या. कारण कळताच ते जोत्यावर मटकन बसले. "अगं, तू उपाशी राहू नये म्हणून तर काटा हलवला न्हाई की मी!"

आता काकू रडणार, असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "साडेसहाला? इतक्या सकाळी घास उतरला तरी कसा तुमच्या गळ्याखाली?"

दुसऱ्या दिवशी बाराच्या भोंग्याला त्यांच्या सोप्यात शेजारी शेजारी दोन पानं मांडलेली दिसली. आळीने नावं ठेवली, पण ती दोन पानं पुढे कधी वेगळी झाली नाहीत.

आता दोघंही नाहीत. भोंगा मात्र होतो. वर्गात पृथ्वीचा गोल फिरवता फिरवता माझा हात थांबतो, आणि काकू जेवल्या असतील का, असं उगीचच मनात येतं.