खंडेनवमीची टायपिंग परीक्षा

नीलम्मा हत्तुरे मला पहिल्यांदा दिसली तेव्हा सोलापुरावर काहीतरी कोसळणार, अशी माझी खात्री झाली होती. सात रस्त्याच्या चौकाकडून साक्षात एक देवी चालत येत होती. देवीचं डोकं चौकोनी होतं, काळंकुट्ट होतं आणि माणसाच्या डोक्याच्या चौपट होतं. त्यावर झेंडूची माळ, वर हळदीकुंकवाचा सडा, आणि दर पावलाला त्या डोक्यातून किण्ण किण्ण असा आवाज. रस्त्यातल्या दोन म्हशी आपणहून बाजूला झाल्या. कोपऱ्यावरच्या पोलिसाने तोंडातली शिट्टी काढून हात जोडले. आमचा शिपाई संगप्पा फाटकातच लोटांगण घालायच्या बेतात होता. मी शिकलेला माणूस, म्हणून नुसत्या चपला काढल्या.

देवी फाटकाशी थांबली आणि धापा टाकत म्हणाली, "टायपिंगची परीक्षा हितंच हाय न्हवं? जरा हात लावा की, उतरवायचंय."

देवीचं डोकं म्हणजे रेमिंग्टनचा टाइपरायटर होता. त्याच्याखाली पंचविशीला टेकलेली एक काटकुळी मुलगी होती.

हे चौऱ्याहत्तर सालचं. आदल्या दुष्काळाने सरकारला घाम फुटला होता आणि जिल्ह्यातली कोरडवाहू शेती सुधारायची असं ठरलं होतं. मोडनिंबपासून अक्कलकोटपर्यंतची ज्वारी वर काढायला भाड्याचा एक बंगला, एक जीप, कारखानीस साहेब, संगप्पा आणि मी, एवढी फौज जमली होती. कार्यालय सहायकांच्या दोन जागा भरायच्या होत्या. मॅट्रिक, इंग्रजी टायपिंग आणि वय पंचवीसच्या आत, या अटी. शिवाय तळाला, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, 'टंकलेखन यंत्र उमेदवाराने स्वतः आणावे.' कार्यालयात टाइपरायटर नव्हताच. मागणी वरच्या ऑफिसला गेली होती.

कारखानीस साहेब मुंबईहून नवे आलेले. त्यांनी परीक्षा ठेवली दसऱ्याच्या आदल्या दिवशी. मुंबईच्या कॅलेंडरात तो साधा कामाचा दिवस. सोलापुरात ती खंडेनवमी! त्या दिवशी इथला माणूस आपलं हत्यार धुऊनपुसून पूजेला मांडतो आणि दसऱ्यापर्यंत त्याला हात लावत नाही. सुताराचा रंधा बसतो, न्हाव्याचा वस्तरा बसतो, टांगेवाला चाकांना कुंकू लावून घरी झोपतो. शहरातल्या झाडून साऱ्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधले टाइपरायटर त्या सकाळी ओळीने पाटावर बसून नैवेद्याची वाट बघत होते.

परिणाम असा झाला, की व्हरांड्यात उमेदवार पन्नासावर आणि यंत्रं चार. ज्यांच्या घरचं यंत्र होतं, तेवढेच तिघे घेऊन आले होते. चौथं नीलम्माचं. बाकीचे रिकाम्या हातांनी उभे राहून साहेबांना खंडेनवमी समजावत होते.

"यंत्र नाही, परीक्षा नाही," साहेब म्हणाले. "पुढची तारीख मिळणार नाही. तुमच्याकडे सणांना काही अंत आहे का?"

नीलम्माला पुढची तारीख मिळूनही उपयोग नव्हता. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात तिला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. म्हणजे सरकारी नोकरीचं दार तिच्यापुरतं कायमचं बंद. वडील ईरप्पा मिलमध्ये होते. एका खंडेनवमीला जादा पाळीच्या लोभाने त्यांनी माग चालवला आणि उजव्या हाताची दोन बोटं गमावली. त्या दिवशी माग चालवला म्हणूनच बोटं गेली, यावर त्यांच्या बाळीवेशीतल्या सगळ्या वस्तीचं एकमत होतं. तेव्हापासून ईरप्पा घरी. मागे तीन भावंडं, आणि आई शेंगदाणे निवडायला जाते तेवढीच मिळकत. हे मला तिच्याकडून पुढे हळूहळू कळलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं, की तिने यंत्रावरची माळ काढून बाजूला ठेवली आणि बोटं पदराला पुसली.

"मॅडम, यंत्र तुमचं?" मी विचारलं.

"आमच्या सरांचं." एवढं बोलून तिने कागद चढवला.

साहेबांनी घंटा वाजवली. चार यंत्रं धडाडली. पाटबंधाऱ्यावरचा इंग्रजी उतारा होता. नीलम्माचा हात असा पळत होता, की शेजारच्या उमेदवाराने घाबरून आपलीच ओळ दोनदा मारली. साहेबांनी चष्मा सारखा केला. मी मनातल्या मनात एक जागा तिला देऊनसुद्धा टाकली.

आणि तिचं यंत्र अडखळलं. एक अक्षर उठायचं, कागदावर आपटायचं आणि तिथेच चिकटून बसायचं. ती बोटाने ते मागे ओढायची आणि पुढे मारायची. पुन्हा चिकटायचं. पूजेच्या वेळी कुणीतरी भक्तिभावाने यंत्रावर नारळ वाढवला होता आणि पाणी थेट आत उतरलं होतं. खोबऱ्याचा वास माझ्यापर्यंत येत होता.

त्याच वेळी फाटकात आरडाओरडा झाला. उघड्या अंगाचा, कपाळाला भस्माचे पट्टे ओढलेला, गळ्यात लिंग आणि कमरेला सोवळं असा एक अवाढव्य गृहस्थ संगप्पाला बगलेत घेऊनच आत आला. हे वीरभद्रप्पा. बाळीवेशीतल्या टायपिंग इन्स्टिट्यूटचे मालक. सकाळी इन्स्टिट्यूट उघडून झाडलोट करायची आणि त्या बदल्यात फुकट शिकायचं, असा नीलम्माशी त्यांचा ठराव होता. किल्ली तिच्याकडे असायची. आदल्या दिवशी तिने मशीन मागितलं तेव्हा त्यांनी साफ नाही म्हटलं होतं. पहाटे पूजा करून ते नैवेद्य आणायला मागच्या स्वयंपाकघरात गेले आणि परत येऊन बघतात, तर पाटांच्या ओळीत एक पाट रिकामा!

मी दारात आडवा झालो. म्हणजे त्यांच्या पोटाला टेकून उभा राहिलो.

"ए नीलम्मा!" माझ्या डोक्यावरून ते गरजले. "हात काड! पूजेतलं हत्यार उचललंस? बापाची बोटं इसरलीस व्हय गं?"

ती थांबली नाही. मानही वर केली नाही. अक्षर मागे ओढत म्हणाली, "त्या बोटांचा पगार आता कोण आणतंय, सर?"

वीरभद्रप्पांनी तोंड उघडलं. मी कान घट्ट दाबून घेतले, कारण आता गर्जना माझ्या डोक्यावरच फुटणार होती. पण गर्जना आली नाही. ते ऐकत होते. तीस वर्षं टायपिंग शिकवलेला माणूस, त्याला नुसत्या आवाजावरून सगळं कळत होतं. खटखट, खटखट, आणि मध्येच तो खड्डा. शेजारची घरगुती यंत्रं एव्हाना तिच्या पुढे निघाली होती. वीरभद्रप्पांच्या चेहऱ्यावर धर्म आणि धंदा यांची झटापट चालली होती आणि मला ती एका वितीवरून दिसत होती.

"शांतता!" साहेब ओरडले. "बाहेरचा माणूस बोलला तर उमेदवार बाद!"

वीरभद्रप्पांनी स्वतःच्या तोंडावर स्वतःचाच हात दाबला. दुसरा हात माझ्या खांद्यावर होता. अक्षर चिकटलं, की त्या हाताची पकड आवळायची. सुटलं, की सैल व्हायची. त्या परीक्षेचा उतारा माझ्या खांद्यावर पुढे चार दिवस निळा उमटलेला होता.

घंटा झाली. कागद गोळा झाले. नीलम्माचा उतारा शेवटच्या ओळीपर्यंत पोचला होता. कागदाला जागोजागी पिवळे ठसे होते.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"हळद, सर," मी म्हणालो.

साहेबांनी कागद ठेवला आणि वीरभद्रप्पांकडे पाहिलं. "हे मशीन कुणाचं?"

"माझं."

"तुमच्या परवानगीने आणलंय का? नसेल तर ही चोरी आहे. मला हिला बाद करावं लागेल, आणि पोलिसांना कळवावं लागेल ते वेगळंच."

व्हरांड्यातले पन्नास जण दारात गोळा झाले होते. त्यांच्यातल्या प्रत्येकाला नीलम्मा बाद व्हायला हवी होती. निदान चोरीच्या बोभाट्यात परीक्षा तरी पुन्हा झाली असती. नीलम्मा माळेतला एकेक झेंडू कुस्करत बसली होती. ती कुणाकडेच बघत नव्हती.

वीरभद्रप्पा यंत्रापाशी गेले. चिकटलेल्या अक्षरावर बोट फिरवलं, ते बोट हुंगलं.

"सांगा," साहेब म्हणाले.

"सांगतो की. मीच पाठवलं," ते म्हणाले. "हळदकुंकू लावून पाठवलं. नारळ बी मीच फोडला. लई पानी गेलं आत, ती चूक माझी. पोरीची न्हाय."

"मग आत्ता ओरडत का होतात?"

"माळ नीट घातली न्हवती म्हणून."

एवढं निर्मळ खोटं मी सरकारी कार्यालयात त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि तिथे ऐकायला काही कमी मिळत नसे.

मग त्यांनी संगप्पाला लिंबू आणायला पिटाळलं, साहेबांच्या टेबलावरच ते यंत्रावरून ओवाळून यंत्राची क्षमा मागितली आणि नीलम्माकडे वळले. "किल्ली दे."

तिने कनवटीची किल्ली काढून दिली.

"उद्यापासनं झाडायला येऊ नकोस. लोक काय म्हणतील, सरकारी मानूस माझ्याकडं झाडू मारतंय?" असं म्हणून त्यांनी तो रेमिंग्टन स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि उघड्या अंगाने सात रस्त्याला लागले. ती मागून माळ घेऊन चालली होती. पोलिसाने पुन्हा हात जोडले.

नीलम्मा दुसऱ्या क्रमांकाने निवडली गेली. प्रकल्पात ती साडेतीन वर्षं होती. आवक-जावक टपाल बघायची, पाकिटांना तिकिटं लावायची, जीपच्या डिझेलचा हिशेब ठेवायची आणि खेड्यांतून आलेल्या शेतकऱ्यांशी कानडीत बोलून त्यांना साहेबांच्या खोलीचं दार दाखवायची. प्रकल्प बंद झाला तेव्हा ती तालुक्याच्या पंचायत समितीत गेली आणि तिथूनच निवृत्त झाली. ईरप्पा शेवटपर्यंत खंडेनवमीला तिला ऑफिसला जाऊ देत नसत. ती रजा टाकायची.

टाइपरायटरची मागणी मंजूर झाली नाही. प्रकल्पाच्या कामासाठी नीलम्माने एकही अक्षर टाइप केलं नाही.