ठमीचा टायर

प्राणिसंग्रहालयातल्या अस्वलवाल्या मामांइतका जळका माणूस शोधून सापडायचा नाही. आणि जळत कोणावर होते? तर तिकीट काढून प्राणी बघायला येणाऱ्या लोकांवर! ठमी अस्वलीण पिल्लू होती तेव्हापासून मामांच्या हातचं खात होती. तिला शिंकसुद्धा आपल्याला विचारून येते, असा त्यांचा थाट.

झालं काय, मामा बघतील तेव्हा ठमी दाराशी सुस्त बसलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अशीच राहिली तर दुसऱ्या गावच्या मोठ्या जागेत पाठवावी लागेल." मग मामा नसताना ठमी काय करते, ते बाई कुंपणापाशी येणाऱ्यांना विचारू लागल्या. एक म्हणाला, ती नाचते. दुसरा म्हणाला, हसते.

मामा खूश! "जांभई दिली की यांना हसू दिसतं. यांचं काय ऐकता, बाई?"

पण विणकाम घेऊन रोज बाकावर बसणाऱ्या मावशी म्हणाल्या, "टायर पोटावर घेऊन उताणी लोळते की!"

"माझ्यासमोर कधी नाही लोळली!"

"तुम्ही दिसलात की तिला जेवण दिसतं. ताट आल्यावर कोण खेळतं?"

मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी बायको म्हणाली, "अहो, सवत आल्यासारखं तोंड काय केलंय?"

शेवटी बाईंनी मामांना तिकिटांच्या खोलीत दडवलं. मामांनी फटीला डोळा लावला. ठमीनं दाराकडे पाहिलं, कोणी नाही. मग तिनं टायर ओढला, धपकन उताणी पडली आणि चारी पायांनी तो गरगर फिरवू लागली. "शाब्बास गं!" मावशी म्हणाल्या. मामांनी दातओठ खाल्ले. एवढी वर्षं खाऊ घातलं आपण, आणि खेळ दाखवते हिला!

ते तरातरा बाहेर आले. ठमीनं टायर टाकला आणि दाराशी येऊन बसली.

"काय दिसलं, मामा?" बाईंनी विचारलं.

काही नाही म्हटलं, तर मावशी खोट्या पडणार होत्या; पण ठमीही जाणार होती. शेवटी मामा म्हणाले,

"लोळते. मावशी म्हणतात तस्संच."

ठमी राहिली. मामांची जळजळ मात्र जाते कुठली! आता खाणं टाकलं की ते फटीशी पळतात. परवा मावशी आल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मामा मिशीत हसत म्हणाले, "काल तिनं टायर डोक्यावर घेतला होता!"

मावशींनी सुईवरची नजर काढली नाही. "आणखी कोणी पाहिलं का?"