मेयरसाहेब आणि खांबावरचा दादा

रोज दोन तास एकाच व्हॅनमध्ये बसलं की किस्से साठत जातात. आमच्या व्हॅनचे किस्से माझा दादा सांगायचा. दोन महिन्यांपूर्वी तो गेला. आता लोक माझ्याकडे बघतात, म्हणून मी सांगतो. त्याच्यासारखं जमत नाही.

आयर्लंडमधल्या ओंगारमध्ये दादाचा जेवणाच्या डब्यांचा धंदा. मी नववी नापास, पोळ्या लाटायचो. व्हॅन चालवायचे मेयरसाहेब. हे टोपणनाव नाही. बल्गेरियात ते एका शहराचे दोनदा निवडून आलेले मेयर. मुलीकडे म्हणून आयर्लंडला आले आणि राहिले.

"तिसऱ्या वेळी कसे पडलात?" दादाने एकदा विचारलं.

"दोन्ही वेळा म्हणालो होतो, नळाला पाणी आणतो. दुसऱ्या वेळी चुकून आणलं."

"मग?"

"मग लोकांना माझी गरज उरली नाही."

मेनूथच्या कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याने डाळ पातळ असल्याची तक्रार केली. मेयरसाहेबांनी दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर सहीचं पत्र पाठवलं. आपला विषय विचाराधीन आहे.

दादा म्हणाला, "साहेब, कमिटी नको. मी डाळ घट्ट करतो."

"इतक्या लवकर? त्याला सवय लागेल."

इथे राहणारा कुणीही कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, उभा राहू शकतो, हे कळल्यावर दादा पेटला. त्यानेच मेयरसाहेबांचा फॉर्म भरला. डबे पोचवून झाले की दोघं दारोदार. एका आजीने विचारलं, "तुमच्यातला उमेदवार कोण?"

मेयरसाहेब म्हणाले, "हा बोलतो. मी उभा राहतो."

मतदानाला बारा दिवस असताना दादा ओट्यापाशी कोसळला. हार्ट. एकोणचाळीस वर्षांचा होता. मी मेयरसाहेबांना सगळ्यांसमोर म्हणालो, "तुमच्या निवडणुकीने मारला त्याला."

दुसऱ्या दिवशी खांबाखांबावर, मेयरसाहेबांच्या पोस्टरखाली, त्यांनीच चिकटवलेला दादाचा फोटो आणि नाव. त्यांच्याकडे बल्गेरियात माणूस गेला की असा कागद चिकटवतात. इथे हे कुणाला माहीत?

कोपऱ्यावरच्या दुकानातली बाई मला म्हणाली, "ग्रँड चेहरा आहे. कुठल्या पक्षाचा?"

"कुठल्याच नाही. माझा भाऊ. वारला तो."

ती म्हणाली, "तरी वरच्या सगळ्यांपेक्षा प्रामाणिक वाटतो."

इथे मत देताना आवडीप्रमाणे एक, दोन, तीन असे आकडे टाकतात. मतपत्रिकेवर सगळ्या उमेदवारांचे फोटो होते, दादाचा नव्हता. मला राग आला. खाली पेन्सिलने दादाचं नाव लिहिलं, संदीप. त्याच्यापुढे एक. मेयरसाहेबांपुढे दोन.

मोजणीला मी कठड्याबाहेर उभा. शेवटच्या जागेसाठी मेयरसाहेब कधी पुढे, कधी मागे. मग बाद मतं बघायला त्यांना आत बोलावलं. अर्ध्या तासाने ते बाहेर आले.

"नऊ मतांनी पडलो."

मला राहवलं नाही. "साहेब, एक मत माझ्यामुळे बाद झालं. मी खाली दादाचं नाव लिहून त्याला एक नंबर दिला, तुम्हाला दोन."

मेयरसाहेबांनी टाय सैल केला. "बाद मतांतलं तुझं कोणतं? तशी सतरा होती."